मागे किती जण?

शंकासुराचा संगणक पुन्हा गोठला, तेव्हा सरांनी खडू खाली ठेवला आणि कपाळाला हात लावला. शंकासुर हे काही त्याचे पाळण्यातले नाव नव्हे. पण 'सर, एक शंका' हे शब्द त्याने इतक्या वेळा उच्चारले होते की हजेरी घेतानाही सरांच्या तोंडून तेच नाव निघे. बाकी वर्गाचे प्रोग्राम कसेबसे चालले होते. याचा एकट्याचा अडून बसला होता, आणि नेमके आज ते परवडणारे नव्हते.

कारण क्लासच्या मालकीणबाई सकाळीच दारात उभ्या राहून बजावून गेल्या होत्या, "आज संध्याकाळपर्यंत एकूण एकाचा रिकर्शनचा प्रोग्राम चालला पाहिजे, सर. नाहीतर उद्यापासून ही बॅच माझा भाचा घेईल." भाचा शेजारच्याच खोलीत शिकवत असे. त्याची पद्धत सोपी होती: समजले नाही तर पाठ करा, पाठ झाले नाही तर पुढे चला. सरांची मात्र ही वर्षभरातली तिसरी नोकरी होती. घरून निघताना बायको म्हणाली होती, "ही गेली तर मला सांगू नका, परस्पर माझ्या आईला सांगा." सासूबाईंना तोंड देण्यापेक्षा शंकासुराला शिकवणे केव्हाही बरे, असे सरांचे मत होते.

"सर, एक शंका. सी भाषेत प्रोग्रामचा एक तुकडा, म्हणजे एक फंक्शन, दुसऱ्याला काम सांगतं, हे कळलं. पण रिकर्शनमध्ये ते स्वतःलाच काम सांगतं?"

"हो. दरवेळी आधीपेक्षा थोडं लहान काम."

"मग शेवटी ते करतं कोण?"

सरांनी पडद्यावर वाकून पाहिले. पठ्ठ्याने थांबायची अटच लिहिली नव्हती. त्याचे फंक्शन स्वतःला हाका मारत सुटले होते आणि संगणकाने मान टाकली होती. हे सांगून कळणारे नाही, दाखवलेच पाहिजे, असे सरांनी ठरवले. तिथेच घोडे पेंड खाणार होते.

"उठा सगळे! रांग करा. शंकासुरा, तू पुढे. प्रत्येकाने आपल्या मागच्याला एकच विचारायचं, 'तुमच्या मागे किती जण?' मागे कोणी नसेल तर 'शून्य' सांगायचं. कोणी असेल तर त्याला हेच विचारायचं, आणि तो सांगेल त्यात एक मिळवून पुढच्याला सांगायचं. दुसरं काही बोलायचं नाही. फंक्शन गप्पा मारत नाही. आणि उत्तर आल्याशिवाय जागचं हलायचं नाही!"

खोली टीचभर, त्यात टेबलांची दाटी. रांग फळ्यापासून निघाली, दारातून बाहेर पडली आणि तिचे शेपूट जिन्याच्या तोंडाशी आले. शेपटाला एक चष्मेवाली मुलगी होती. त्याच मजल्यावर पुढे दातांचा दवाखाना होता. गाल धरून जिना चढणाऱ्या एका आजोबांनी रांग पाहिली आणि ते मुकाट्याने चष्मेवालीच्या मागे उभे राहिले.

"दातांचीच ना गं रांग ही?"

चष्मेवाली आज्ञाधारक. तिच्यापर्यंत प्रश्न आला होता, मागे माणूस होता. तिने नियमाप्रमाणे विचारले, "तुमच्या मागे किती जण?"

डॉक्टरांनी नंबर घ्यायला मुलगी ठेवलेली दिसते, असे आजोबांना वाटले. त्यांनी वळून पाहिले, तर पिशवीवाल्या एक काकू येऊन उभ्या. "काय हो, तुमच्या मागे किती जण?"

काकूंना कसली रांग ते ठाऊक नव्हते. पण रांग आहे त्या अर्थी काहीतरी मिळत असणार, आणि आत्ता उभे राहिले नाही तर ते संपणार, एवढे त्या जाणून होत्या. त्यांच्या मागे नवराबायको असे दोघे आले, त्यांच्या मागे कुरिअरवाला, मग छत्री दुरुस्त करायला निघालेले एक गृहस्थ. प्रश्न एकेक पायरी उतरत होता आणि तो पोहोचायच्या आत शेवटी नवा माणूस उभा राहत होता. बघता बघता रांग जिन्यातून रस्त्यावर सांडली.

आत शंकासुर ताटकळला होता. "सर, उत्तर?"

"येईल. आतलं फंक्शन परत येईपर्यंत बाहेरच्यानं वाट बघायची असते."

भाचा आपल्या दारात येऊन खुशीत उभा होता. "लटकला का सर तुमचा प्रोग्राम?"

सर धावत बाहेर आले आणि जिना पाहून ओरडले, "अरे, मोडा रांग!"

"असं कसं सर?" चष्मेवाली म्हणाली. "उत्तर आल्याशिवाय हलायचं नाही, तुम्हीच म्हणालात." बाहेरच्यांचा तर प्रश्नच नव्हता. इतका वेळ उभे राहून रिकाम्या हाताने जाणारे ते नव्हेत. भाच्याने तेवढ्यात फोन लावलाही होता. "मावशी, लवकर ये. सरांनी क्लास रस्त्यावर आणला!"

मालकीणबाई तणतणत आल्या आणि थेट जिन्यात घुसू लागल्या.

"ओ बाई, रांगेत या," कोणीतरी ओरडले. "आम्ही काय वेडे म्हणून उभे आहोत?"

"मी मालकीण आहे इथली!"

"पुढे घुसताना सगळेच मालक असतात."

बाईंना निमूट शेवटी जावे लागले. पुढच्या गृहस्थांनी वळून अदबीने विचारले, "तुमच्या मागे किती जण?"

बाईंनी मागे पाहिले. त्या रस्त्यावर जेवढे रिकामटेकडे होते तेवढे सगळे त्यांच्या पुढे उभे होते. "कोणी नाही!" त्या कडाडल्या. "शून्य!"

आणि उत्तर परत फिरले. एक, दोन, तीन करत ते जिना चढू लागले. मधेच नवराबायकोपाशी अडले. "आमचं दोघांचं मिळून एकच धरा," नवरा म्हणाला.

"का? मला मोजायचंच नाही का?" बायको कडाडली. "एक माझा, एक तुमचा. सांगा पुढे!" नवऱ्याने सांगितले. काकूंनी, आजोबांनी आपापला एक मिळवला आणि आकडा खोलीत शिरला.

"सर, माझ्या मागे त्रेपन्न!" शंकासुर किंचाळला. "पण मी मोजलं कुठे? मी नुसता एक मिळवला! शेवटच्यानं शून्य म्हटलं म्हणून सगळं परत आलं!" तो खुर्चीवर झेपावला, अटीची ओळ लिहिली, आणि प्रोग्राम क्षणात चालून थांबला. सरांना त्याला मिठी मारावीशी वाटली. पण दारात मालकीणबाई उभ्या होत्या, गर्दीतून वाट काढून घामाघूम.

"मी... चुकलं माझं," सर म्हणाले. सासूबाईंचा चेहरा त्यांना दिसू लागला होता.

"खाली पाच जण प्रवेश कसा मिळतो विचारतायत," बाई धापा टाकत म्हणाल्या. "एवढी रांग आहे म्हणजे शिकवणारा भारीच असणार, म्हणे. इतकी वर्षं जाहिराती केल्या, एक चिटपाखरू फिरकलं नाही. सर, तुम्ही कायम. हा धडा दर आठवड्याला, जिन्यातच."

"आणि मावशी, मी?" भाच्याने विचारले.

"तू रांगेत शेवटी उभा राहायचंस आणि 'शून्य' म्हणायचंस. एवढं जमेल ना?"

भाचा गडबडला. उत्तर कोणाला विचारावे म्हणून त्याने मागे वळून पाहिले. मागे कोणीच नव्हते.