अंबाडीची तक्रार

आमच्या शेजारचे वामनकाका गावंडे कुठलंही झाड दिसलं की पान तोडून चावतात. दवाखान्याचं आवार असो, कुणाचं अंगण असो, नाहीतर एसटी स्टँडमागची झुडपं. मागे मूर्तिजापूरला एका लग्नात त्यांनी मांडवाच्या कमानीवरचं पान चावलं, थुंकलं, आणि नवरदेवाच्या बापाला बाजूला नेऊन गंभीरपणे सांगितलं, "तुमाले फसवलं हो. हे झाड प्लास्टिकचं हाय."

उभं आयुष्य त्यांनी अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या वावरात काढलं. साहेब लोक पुस्तकात बघून सांगत, हे चावून सांगत. "पान खोटं बोलत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. माणसांबद्दल त्यांचं मत एवढं चांगलं नाही. मी शाळेत शिकवते, म्हणून मी मास्तरीण. माझ्या खिडकीतला मनीप्लांट मात्र "बिनकामाचा".

अशा माणसाच्या फोनवर एक दिवस जाहिरात आली. कोणत्याही झाडाचा फोटो काढा, नाव आम्ही सांगतो, सात दिवस मोफत. काकांना ते आमंत्रण वाटलं नाही, आव्हान वाटलं.

"परीक्षा घेतो याची," म्हणाले.

आणि खरंच घेतली. विमलकाकूंची किराण्याची वही उलटी करून मागच्या पानावर मार्क मांडले. कडुनिंब बरोबर, कढीपत्ता बरोबर. "हे तं पहिलीतलं पोट्टं बी सांगन." तूर बरोबर आली तेव्हा जरा नाराज झाले. तिसऱ्या दिवशी परसातल्या अंबाडीवर फोन धरला. अॅप थोडा वेळ फिरत राहिलं, मग उत्तर आलं: गांजा.

आता अंबाडीचं पान हाताच्या पंजासारखं फाकलेलं असतं, लांबून बघणाऱ्याची फसगत होऊ शकते. पण काका कुठं लांबून बघणारे. काकू तर पदर तोंडाला लावून पायरीवरच बसल्या. "म्हंजे मी इतके दिवस तुमाले गांजाची भाजी खाऊ घालून राहिली," म्हणाल्या. "तरीच म्हनलं, जेवन झालं की झोपता कसे."

काकांनी तिथल्या तिथे अॅप काढून टाकलं आणि वहीत शून्य लिहून खाली दोन रेघा ओढल्या. त्यांच्या लेखी विषय संपला.

अॅपच्या लेखी नव्हता. मोफतचे सात दिवस संपले आणि बँकेचा मेसेज आला, चारशे नव्व्याण्णव रुपये गेले. पुढच्या महिन्यात परत तेवढेच. काका तडक बँकेत. तिथली मुलगी चांगली होती. ती म्हणाली, "काका, हे तुमच्या फोनवरूनच बंद करावं लागते. कशाचे पैसे आहेत?"

काकांना जरा कमी ऐकू येतं, म्हणून ते सगळ्यांशीच मोठ्यानं बोलतात. "गांजाचे," ते म्हणाले.

रांगेतली माणसं एक पाऊल मागे सरकली. पासबुक भरायला आलेल्या एका गृहस्थांनी म्हणे हळूच विचारलंही, महिन्याचे फक्त पाचशे का.

संध्याकाळी ते माझ्याकडे फोन घेऊन आले आणि मला घरी घेऊन गेले. मी सांगितलं, "काका, अॅप काढलं म्हणजे वर्गणी बंद होत नाही. ती वेगळी बंद करावी लागते."

"म्हंजे पेपरवाल्याले दारातून हाकललं, तरी तो बिल पाठवतच राहीन?"

"तसंच काहीसं."

"मंग हे येडं-बह्याड नाही. हे चालू हाय."

मी सबस्क्रिप्शनची यादी उघडली, रद्द करा दाबलं. पडद्यावर एक मान टाकलेलं फूल आलं. खाली लिहिलं होतं, खरंच आम्हाला सोडून जाताय? काकांनी चष्मा वर केला. "याले पानी नाही घातलं कोनी," म्हणाले, आणि स्वतःच्या बोटानं हो दाबलं. मग अर्ध्या किमतीची ऑफर आली. तिलाही त्यांनी तोंडी उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

राहिला परतावा. फोनमधल्या अॅप स्टोअरच्या अर्जात काकांनी माझ्याकडून लिहून घेतलं, 'माझ्या घरच्या भाजीस आपण गांजा म्हटले, सबब पैसे परत करावे.' चहाचा कप खाली ठेवेपर्यंत नकार आला. काकांना नकाराचं काही वाटलं नाही, वेगाचं वाटलं. "एवढ्या लवकर वाचलं कोनी?"

म्हणून दुसरं पत्र थेट अॅपवाल्या कंपनीला गेलं. त्यात अंबाडीचं पान, पिवळं फूल, काटेरी देठ असे फोटो होते. शेवटची ओळ काकांची: 'शंका असल्यास पान चावून पाहावे. अंबाडी आंबट लागते.' दहाएक दिवसांनी कुणा माणसाचं उत्तर आलं. दिलगिरी होती, चूक दुरुस्त करतो असं होतं, आणि दोन्ही महिन्यांचे पैसे परत आले. काकांनी ते पत्र मला तीनदा वाचायला लावलं.

पण पहिल्या अर्जाच्या वेळची एक गोष्ट मी कॉलनीत कुणाला सांगितलेली नाही.

त्या अर्जात आधी कारण निवडायचं होतं. मी एकेक कारण मोठ्यानं वाचत होते, काकांना ऐकू यावं म्हणून. वस्तू चालत नाही. वस्तू आवडली नाही. पुढचं वाचलं आणि मला वाटलं, हेच सोपं आहे. माझ्या जावेनं असेच पैसे मिळवले होते. मी म्हटलं, "काका, हे टाकू या. 'घरातल्या लहान मुलाने चुकून...'"

"हळू," काका म्हणाले.

मी थांबले. एवढ्या हळू आवाजात त्यांना बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होते. आत काकू भाजी निवडत होत्या. त्या घरात दोघंच राहतात. मूल झालं नाही, हे मलाही ठाऊक होतं, अगदी पहिल्यापासून.

"खोटं लिवाचं म्हनून नाही म्हनत मी," ते तसेच हळू बोलले. "तिच्या कानावर नको. कुठं बारसं असलं तं मी एकटाच जाऊन येतो. हिचं डोकं दुखते म्हनून सांगतो लोकाइले."

मी बोट खाली सरकवून 'इतर' निवडलं.

काकू हात पुसत दारात आल्या. "काहून चूप बसले दोघं? झालं काय?"

"काही नाही वं," काका म्हणाले. "नेट गेलं."