मुलाखत अद्याप चालू आहे

नोकरीमुळे माणसाला पगार मिळतो, हा समज अपुऱ्या माहितीवर आधारलेला आहे. पगार घरच्यांना मिळतो. माणसाला स्वतःला काय मिळतं, त्याचा हिशेब निराळा असतो. या कथेतला उमेदवार (वय तेहतीस, घरात अजून 'धाकटा') नोंद कार्यालयात कनिष्ठ सहायक झाला असता, तर त्याला पुढील लाभ होते: किल्लीचा एक खण, नावाचा एक शिक्का, आणि दहा ते सहा या वेळात इस्त्रीचे कपडे, भाजी, गळका नळ व पुतणीची शाळा यांतून सुटका. "भाऊजी घरीच आहेत" हे वाक्य वहिनी दिवसातून सरासरी सात वेळा उच्चारत असे. रविवारी नऊ.

तयारी दादाने करून घेतली. दादाला अकरा ठिकाणी नाकारून बाराव्या ठिकाणी घेतलं होतं, त्यामुळे या विषयात त्याचा अधिकार मोठा होता.

"काम कोणालाही येतं रे," दादा म्हणाला. "छाप पडली पाहिजे. सांगितल्याशिवाय बसायचं नाही आणि सांगितल्याशिवाय उठायचं नाही. एकदा मी आपणहून उठलो. गेली जागा."

जेवणाच्या टेबलाशी तीन आठवडे सराव चालला. त्या काळात धाकटा ताटावरूनही परवानगीशिवाय उठत नसे.

आता कार्यालयाची बाजू. नोंद कार्यालयाची गुणपद्धती अत्यंत शास्त्रशुद्ध आहे. कामाच्या माहितीला दहा गुण (हे सर्वांना मिळतात, कारण उत्तर तपासू शकेल असं समितीत कोणी नाही). पोशाखाला पंधरा. बसण्याच्या ढबीला तीस. हास्याला पंचवीस (दिसणारे दात सहापर्यंत, सातवा दिसल्यास उमेदवार उथळ समजावा). उरलेले वीस गुण 'निघण्याची समज' या सदराखाली आहेत. मुलाखत संपली हे उमेदवाराने न सांगता ओळखून, आपणहून उठून गेलं पाहिजे. खाली बारीक अक्षरांत टीप आहे: समितीने खाकरणे, घड्याळ पाहणे, फाइल मिटणे इत्यादी मार्गांनी सुचवल्यास तो पक्षपात ठरून संपूर्ण निवडप्रक्रिया रद्द होईल.

समितीत तिघं होते: अध्यक्ष, लेखाविभागाच्या बाई, आणि समिती तिघांची असावी असा नियम असल्यामुळे एक तिसरे गृहस्थ. चार प्रश्न झाले. "छान," अध्यक्ष म्हणाले. धाकट्याने सहा दात दाखवले. अध्यक्षांनीही दाखवले.

वीस मिनिटं गेली.

"कोणाला काही विचारायचंय अजून?" अध्यक्षांनी विचारलं.

"नाही हो," बाई म्हणाल्या.

"माझं तर आधीही नव्हतं," तिसरे म्हणाले.

धाकट्याने ओळखलं, की ही संयमाची परीक्षा आहे. त्याने पाठ आणखी ताठ केली.

दीड वाजता समितीला भूक लागली. समितीने जाऊ नये असं टिपेत कुठेही नव्हतं, म्हणून घड्याळाकडे न बघता तिघं एकेक करून निघून गेले. सहाला पहारेकरी आला.

"साहेब, कुलूप लावायचंय."

"मला समितीने उठायला सांगितलेलं नाही."

"मग समितीलाच सांगा कुलूप लावायला."

धाकटा उठला. परंतु पहारेकरी समितीचा सदस्य नसल्याने या उठण्याची नोंद 'तहकुबी' अशी झाली, आणि दुसऱ्या दिवशी दहाला मुलाखत पुढे सुरू झाली. महिन्याभराने त्याला ताप आला, तेव्हा त्याने रीतसर रजेचा अर्ज दिला. अध्यक्षांनी तो मंजूर केला. नामंजूर करणं सुचवल्यासारखं झालं असतं.

घरी कल्याण झालं. "भाऊजी मुलाखतीला गेलेत" असं वहिनी सांगू लागली आणि नळाला प्लंबर आला. एक स्थळही चौकशी करून गेलं.

"मुलगा करतो काय?"

"मुलाखत देतो," दादा म्हणाला.

"तात्पुरती?"

"छे हो. कायम."

सातव्या महिन्यात मात्र धाकट्याला शंका आली. "वहिनी, मला वाटतं ती संपलीय."

"तुम्ही उठलात का?"

"नाही."

"मग कशी संपेल? आणि यांना काही बोलू नका बाई. त्यांनी ऑफिसात सगळ्यांना सांगून ठेवलंय."

वर्षअखेरीस कार्यालयाने पदांचा आढावा घेतला. कनिष्ठ सहायकाची जागा वर्षभर रिकामी. जागा रिकामी असल्याबद्दलच्या तक्रारी: शून्य. सबब पद रद्द. आदेश समितीच्या टेबलावर येऊन पडला, आणि धाकट्याच्या नजरेला पडू नये म्हणून अध्यक्षांनी तो पालथा ठेवला.

"सांगायचं का हो त्याला?" बाहेर आल्यावर बाईंनी विचारलं.

"आणि आज तो आपणहून उठणारच असला तर?" अध्यक्ष म्हणाले. "वीस गुण जातील बिचाऱ्याचे."

तक्रारी शून्य कशा, हे शेवटच्या ताळेबंदात येईल. कार्यालयाचा एका माणसाचा पगार वाचला. दादाने रविवारचा मार्गदर्शन वर्ग काढला. धाकट्याला आजवर ऐंशीपैकी ऐंशी गुण आहेत. तो अजून बसलेला आहे. डावीकडची पहिलीच खोली, दार उघडं, आत ताठ बसलेला हसतमुख माणूस. लोक आपापले अर्ज त्याच्याकडे देतात. नेमणूक नसल्याने त्याला ते पुढे पाठवता येत नाहीत, आणि छाप बिघडेल म्हणून नाकारताही येत नाहीत. तो बसल्या जागेवरूनच ते दोन्ही हातांनी घेतो आणि तारखेप्रमाणे लावून ठेवतो. काल संध्याकाळपर्यंत चारशे बारा झाले.

त्यात खालून एकशे सदतिसावा तुमचा आहे. इतक्या सभ्य माणसाकडे पोच मागणं तुम्हालाच प्रशस्त वाटलं नव्हतं.