नाग-३ चा वाढदिवस

भर मे महिन्यात स्वेटर घालून बसणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच असावा, आणि तो म्हणजे संघपाल रामटेके. त्याला काही हौस नव्हती. बियाणे कंपनीच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला सर्व्हर रूम होती. कोणत्या बियाण्याची किती पोती कुठल्या गावाला गेली, हे लक्षात ठेवणारी सात मशीन्स तिथं होती, नाग-१ पासून नाग-७ पर्यंत. त्यांना गरम होऊ नये म्हणून एसी अठरावर असायचा, आणि त्यांच्यासोबत बारा वर्षांपासून संघपाल असायचा. लोक तिथं यायचे, पण त्याला भेटायला नव्हे. कोणी घाम वाळवायला यायचं, कोणी दह्याचा डबा ठेवायला.

आणि केक ठेवायला. कँटीनमध्ये क्रीम टिकत नसे, म्हणून ऑफिसातल्या प्रत्येक वाढदिवसाचा केक सकाळपासून सर्व्हर रूममध्ये ठेवायची रीतच पडली होती. संघपाल त्याची राखण करायचा. चार वाजता कोणीतरी येऊन केक न्यायचं आणि जाता जाता सांगायचं, "भाऊ, दार लावून घ्या, थंडी जाऊन राहिली बाहेर." संघपाल दार लावून घ्यायचा.

गंमत म्हणजे वाढदिवसांचा सगळा कारभार त्याच्याच हातात होता. नऊ वर्षांपूर्वी त्यानं एक छोटा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रिप्ट, लिहिला होता. तो रोज सकाळी नऊला तारखांची यादी बघायचा आणि कोणाचा वाढदिवस असेल तर सगळ्यांना मेल पाठवायचा. यादीत चौकीदार कवडूसुद्धा होता. संघपाल तेवढा नव्हता. यादी करताना स्वतःचं नाव स्वतःच टाकायची त्याला लाज वाटली. कोणीतरी विचारेल, "भाऊ, तुमचं नाव कुठं आहे?" मग टाकू, असं त्यानं ठरवलं. विचारणारा अजून यायचा होता.

त्याचा वाढदिवस एकोणीस मे. आई गेल्यापासून ही तारीख फक्त मनीषनगरातल्या चष्म्याच्या दुकानाला माहीत होती. ते न चुकता मेसेज पाठवायचं. तरी दरवर्षी संघपाल त्या दिवशी नवा शर्ट घालायचा, ऑफिसात यायचा आणि वरून स्वेटर चढवायचा.

यंदा एकोणीस मेच्या तीन आठवडे आधी नव्या मॅनेजर अदिती मॅडम आत आल्या. त्याही घाम वाळवायला आल्या असाव्यात, पण काम घेऊन आल्या.

"संघपालभाऊ, कोणतं मशीन कधी बसवलं, त्याची यादी पाहिजे. दहा वर्षांच्या वरचं सगळं भंगारात."

"बिलं तर सापडत नाही, मॅडम. मागच्या रंगकामात गेली."

"मग मशीनलाच विचारा."

अदिती मॅडम वैतागून बोलल्या होत्या, पण बोलल्या ते बरोबर होतं. मशीनवर डेटाबेस, म्हणजे नोंदी ठेवणारा प्रोग्रॅम, बसवला की तो पहिल्याच दिवशी स्वतःचं एक खातं उघडतो. ते खातं कोणत्या तारखेला उघडलं, एवढंच विचारायचं. एकेका मशीनला विचारत कोण बसणार, म्हणून संघपालनं स्क्रिप्ट लिहायला घेतली. नवी कशाला लिहायची, असा विचार करून त्यानं वाढदिवसाच्या स्क्रिप्टचीच नक्कल केली आणि तिच्यात फेरफार केले. काळ्या पडद्यावर आज्ञा दिली, आणि सातही मशीन्सनी भराभर आपापल्या तारखा सांगून टाकल्या. आलेल्या तारखा कोणत्या फाइलीत लिहायच्या, ती ओळ बदलायची तेवढी राहून गेली.

एकोणीस मेच्या सकाळी नऊ वाजता त्याच्या पडद्यावर मेल आला. 'आज आपल्या सहकाऱ्याचा वाढदिवस', एवढंच आधी दिसलं. कोणीतरी आपलं नाव यादीत टाकलं, असं संघपालला खरंच वाटलं. त्यानं चष्मा पुसला आणि मेल उघडला.

'आपले सहकारी नाग-३ यांचा आज वाढदिवस. चार वाजता कँटीनमध्ये केक. सर्वांनी यावे.'

चूक कुठं झाली ते त्याला लगेच कळलं. मशीनच्या तारखा वाढदिवसांच्या यादीत जाऊन बसल्या होत्या. तारीख हीच का, हेही आठवलं. अकरा वर्षांपूर्वी याच दिवशी रविवार होता. आईला जाऊन तीन महिने झाले होते. घरी बसवेना म्हणून तो ऑफिसात आला होता आणि खोक्यात पडलेलं नाग-३ एकट्यानंच बसवून टाकलं होतं.

मेल चुकून गेला, हे सांगायला तो एचआरमध्ये जाणार तोच वाढदिवसांचे केक आणणारी सोनिका दार ढकलून आत आली. हातात केकचा डबा होता.

"भाऊ, ठेवा हो इथं. आज तर कँटीनचा कूलरही बंद पडला."

"सोनिका, हे नाग-तीन कोण, पाह्यलं का तू?"

"असंल कोणी सेल्सवाला. नवीन भरती झाली ना."

"माणसाचं नाव असं असते का?"

"मले कायले विचारता? मेल आला म्हणजे माणूस असंलच." आणि जाताना म्हणाली, "दार लावा, भाऊ."

सांगायचं राहून गेलं. केकवर गुलाबी अक्षरांत नाग-३ चं नाव होतं आणि समोर नाग-३ घुर्र घुर्र करत होतं. आजपर्यंत त्याची आणि आपली तारीख एक आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. निदान एकाचा तरी केक आला, असा विचार करून संघपाल गप्प बसला.

चार वाजता पारा शेहेचाळीसवर होता. कँटीनमध्ये उभं राहवेना. डिस्पॅचच्या आनंदरावांनी तोडगा काढला, "केक जिथं आहे तिथंच कापू ना." पाहता पाहता पस्तीस माणसं समोशांसकट सर्व्हर रूममध्ये शिरली. बारा वर्षांत तिथं एका वेळी तीनच्या वर माणसं आली नव्हती. संघपालनं आपली खुर्ची अदिती मॅडमना दिली आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"बोलवा गा त्या नाग-तीन साहेबाले," आनंदराव म्हणाले.

सगळे एकमेकांकडे बघू लागले. सेल्सवाल्यांनी माना हलवल्या.

"हे आहे," संघपालनं बोट दाखवलं.

रॅकमध्ये, दसऱ्याचं कुंकू अजून कपाळावर घेऊन, नाग-३ उभं होतं. असा हशा पिकला की काचा हलल्या. संघपालनं सगळी चूक कबूल केली. अदिती मॅडमसुद्धा हसत होत्या. केक आणलाच आहे तर कापू, असं ठरलं. पस्तीस जणांनी टाळ्या वाजवत मशीनसाठी गाणं म्हटलं, आणि सोनिकानं पहिला तुकडा कागदी बशीत ठेवून नाग-३ समोर मांडला. संघपालही टाळ्या वाजवत होता. डोळे बंद केले तर हे गाणं आपल्यासाठीच आहे असं मानता येत होतं. त्यानं थोडा वेळ मानलं.

डोळे उघडले तेव्हा नाग-५ वर लाल दिवा लागला होता. एवढी माणसं, उघडं दार आणि बाहेरची आग. एसीनं हात टेकले होते. आता फक्त "सगळे बाहेर व्हा" म्हणायचं होतं. समोर आनंदराव त्याच्या टेबलावर बसून गोष्ट सांगत होते, कोणीतरी त्याच्या पेल्यातून पाणी पीत होतं. अजून दोन मिनिटं, असं त्यानं स्वतःशी म्हटलं. दोन मिनिटांनी नाग-५ बंद पडलं, मग नाग-६, मग धडाधड बाकीची. खालून गोदामवाल्यांची ओरड आली. चालू राहिलं ते एकटं म्हातारं नाग-३.

"आता?" अदिती मॅडम उठल्या.

"सगळ्यांना बाहेर जायला लागते, मॅडम. रूम थंड झाली की चालू होते. अर्धा तास." आवाज खाली घेऊन तो म्हणाला, "लाल दिवा मले दिसला होता. मी बोललो नाही."

"का?"

तो दार धरून उभा राहिला. सगळे बाहेर आले. संगणक बंद म्हणजे कामही बंद. पस्तीसच्या पस्तीस जण जिन्यावर घाम पुसत बसले. संघपालनं सवयीनं दार लावलं. या खेपेला तो दाराच्या बाहेर होता.

"अबे, स्वेटर तरी काढ गा," आनंदराव म्हणाले. "तुले पाहूनच मले उकडून राहिलं."

त्याच्या लक्षातच नव्हतं. त्यानं स्वेटर काढला. आत निळा, घडीच्या रेघा न मोडलेला शर्ट होता. कॉलरखाली दुकानाचा कागद तसाच चिकटलेला होता.

"नवा शर्ट, भाऊ?" सोनिकानं कागद ओढून काढला. "काही खास?"

संघपालनं स्वेटरची घडी घातली. "नाग-तीन आजच्या दिवशी बसवलं होतं ना, रविवारी. माझा वाढदिवस होता. घरी कोणी नव्हतं."

सोनिका उठली, सर्व्हर रूममध्ये गेली आणि मशीनसमोरची कागदी बशी घेऊन आली. "घ्या. त्याले कुठं खाता येते."

संघपाल केक खात असताना अदिती मॅडम विचार करत होत्या. मग ठामपणे म्हणाल्या, "नाग-तीन भंगारात जाणार नाही. त्याला काढलं तर पुढच्या वर्षी तुमच्या वाढदिवसाचं आम्हाला सांगणार कोण?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. यादीत संघपालचंच नाव टाकता येईल, हे पस्तीस जणांत एकाच्याही डोक्यात आलं नाही. संघपालच्या आलं होतं, पण तो बोलला नाही. नाग-३ म्हातारं झालं होतं आणि त्यालाही कोणी नव्हतं.