कुमुदताईंची शोकसभा

शनिवार संध्याकाळ: एका वाहिनीने जुन्या चित्रपटांतल्या आयांवर कार्यक्रम दाखवला. रविवार सकाळ: आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या फलकावर कुमुदताईंच्या दुःखद निधनाची सूचना लागली. रविवार संध्याकाळ: शोकसभा. जबाबदार: सचिव पाटकर. सहआरोपी: कोणतीही चौकशी न करता माना खाली घालून उभे राहिलेले समस्त सभासद.

दिवंगत व्यक्ती त्या दिवशी बोरीवलीला भाचीकडे श्रीखंड खात होती.

तिसऱ्या मजल्यावरच्या कुमुदताई चित्रपटांत मरत असत. मध्यंतरापूर्वी खोकायचे आणि मध्यंतरानंतर हार घातलेल्या तसबिरीतून मुलाकडे पाहायचे, यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. पुरस्कारही मिळाले, बहुधा खोकल्याबद्दल. अजूनही त्या लिफ्टमध्ये शिरताना "लाइट कुठून आहे?" असे विचारतात आणि डावा गाल त्या दिशेला करतात. भाजीवालीशी घासाघीस करण्यापूर्वीही आधी ऊन पाहतात. पाणीटंचाईवरच्या सभेत आपले म्हणणे मांडून झाले की, "पुन्हा एकदा घेऊ या," म्हणतात आणि तेच म्हणणे अधिक कापऱ्या आवाजात मांडतात. उपविधींत अशा पुनरावृत्तीची तरतूद नाही, हे मी समितीला लेखी कळवले आहे. पोच मिळालेली नाही.

पाटकरांनी शनिवारी जेवता जेवता, आवाज बंद असलेल्या टीव्हीवर, हीच चित्रपटातली तसबीर पाहिली. शोकसभेतही तीच, छापून आणून, ठेवली. हार आधीच घातलेला असल्याने सोसायटीचा खर्च वाचला. मी जाब विचारला.

"काका, टीव्हीवर हार घातलेला फोटो दाखवला ना. वर जाऊन आलो, तर दाराला कुलूप. अजून काय पाहिजे?"

"मृत्यूचा दाखला."

"तुम्ही पण ना, काका."

मौन सुरू झाले. मीही उभा राहिलो, परंतु निषेध नोंदवून. इतक्यात फाटकातून कुमुदताई बॅग घेऊन आल्या. त्यांनी तसबीर पाहिली, फलक वाचला, बॅग खाली ठेवली आणि शेवटच्या रांगेत मान खाली घालून स्वतःसाठी उभ्या राहिल्या. मौन संपल्यावर म्हणाल्या, "पाटकर, लाइट चुकलाय. उजवा गाल दिसतोय."

"वाट लागली. सॉरी हां, मावशी."

सगळे पोट धरून हसले, शोकसभेचा चहा प्यायले आणि आपापल्या घरी गेले. कुमुदताई मात्र तसबिरीसमोर खुर्ची ओढून बसल्या. मी बदनामीच्या नोटिशीचा मसुदा तोंडी सांगू लागलो.

"नोटीस नको, कर्णिक. फोटो तेवढा उद्यापर्यंत राहू दे."

"कशासाठी?"

"अहो, मेलेल्या बाईला क्लोजअप नसतो. मी मेले की कॅमेरा मुलाच्या रडण्यावर जायचा. मी खाली श्वास रोखून पडलेली. आज सगळे माझ्यासाठी उभे होते." त्यांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. "छान वाटलं हो."

हे बोलताना त्यांनी लाइट कुठून आहे, ते विचारले नाही.

सबब, सचिव पाटकर यांनी पुढील प्रश्नाचे उत्तर त्याच फलकावर, स्वतःच्या सहीने, सर्वांना वाचता येईल अशा अक्षरांत द्यावे: बाई गेल्याच्या नुसत्या समजुतीवर जी सभा एका दिवसात भरवता आली, ती सभा बाई तिसऱ्या मजल्यावर राहत असताना आजवर एकदाही का भरवता आली नाही?