चौदा खेळाडूंचा एक बाप

सन १९८६ च्या ऑगस्टात कातळखाडीच्या जनता विद्यालयाचा फुटबॉल संघ सावर्ड्याला सामना खेळायला जाणार, हे नक्की झालं. तसं पत्रच आलं, आवक क्रमांक २१४. शारीरिक शिक्षणाचे शिक्षक भिकाजी सर यांची अशी भाबडी समजूत होती की सामन्याला एक चेंडू, अकरा पोरं आणि सकाळची एस्टी एवढं पुरतं. सरांच्या नोकरीला तेव्हा बारा वर्षं झाली होती, त्यामुळे या समजुतीला काही सबब नव्हती.

खेळाची तयारी म्हणाल तर ती झालेलीच होती. गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, ही पोरं तीन वर्षं अनवाणी खेळत होती. कातळावर पडलं की गुडघ्याची सालटी निघतात, म्हणून ती मुळात पडायचीच नाहीत. त्यांतला दहावीतला मुसा तर चेंडू पायाशी घेऊन असा जायचा की अडवायला आलेलाच खाली बसायचा. सावर्ड्याला जिल्ह्याचा संघ निवडणारे लोक येणार होते. मुसाचे वडील बोटीवर खलाशी. मार्चमध्ये दहावी आटोपली की मुसानेही बोट धरायची, हे घरात ठरलेलं. त्याला कोणी पाहायचं असेल तर ते या एकाच सामन्यात. भिकाजी सरांनी स्वतः आयुष्यात काही जिंकलेलं नव्हतं आणि या पोरावर त्यांचा जीव होता. कोणाला न सांगता ते ग्रामदेवतेला नारळ बोलून आले.

पण पत्राला एक परिपत्रक जोडलेलं होतं. मागे कुठल्याशा शाळेचा एक खेळाडू परगावी सामन्याला गेला असता परस्पर मावशीकडे राहायला गेला होता. दोन दिवसांनी तो लाडवांचा डबा घेऊन सुखरूप परत आला, तरी शिक्षण खात्याच्या जिल्हा कार्यालयाने या प्रकाराची गंभीर दखल घेतली. तेव्हापासून परगावी जाणाऱ्या प्रत्येक खेळाडूच्या पित्याने संमतिपत्रावर, तीन प्रतींत, मुख्याध्यापकांच्या समक्ष सही करावी, असा नियम झाला. मावशीबद्दल परिपत्रकात काही म्हटलेलं नव्हतं.

सरांनी कागद घेऊन बापांची मोजदाद केली. चौदा खेळाडू. नऊ बाप मुंबईत, तीन आखातात, मुसाचे वडील तेव्हा समुद्रात नेमके कुठे होते हे त्यांच्या कंपनीलाच ठाऊक. राहिला गोलकीपर केरू. त्याचा बाप शिवा तेवढा गावात होता, आणि तोही स्वखुशीने नव्हे. मे महिन्यात मुंबईहून सुटीवर आला तो फणस काढताना झाडावरून पडला. पाय तीन ठिकाणी मोडून, प्लास्टर मिरवत तो घराच्या ओटीवर पडून होता.

सर मुख्याध्यापकांकडे गेले आणि म्हणाले, बाप नाहीत तर आयांच्या सह्या घेऊ. आया सगळ्या गावात आहेत. भात त्याच लावतात, मनीऑर्डरी त्याच सोडवतात, आणि मुसाला पाचवीत दाखल करायलासुद्धा त्याची आई फातिमाच आली होती.

मुख्याध्यापक नियमाचे पक्के होते आणि तसे स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं, "भिकाजी सर, दाखला म्हणजे मूल शाळेत येणं. इथे मूल शाळेबाहेर जाणार आहे. येताना कोणीही सोडलं तरी चालतं. जाताना बाप लागतो."

सर कागद गोळा करून निघाले. कारकून भागोजीने मात्र नियमांचं पुस्तक काढून धीर दिला. पिता हयात नसेल तर मृत्यूचा दाखला जोडून आईची सही चालते, असं पोटकलम निघालं. म्हणजे अडचण एवढीच होती की चौदाही बाप जिवंत होते. फातिमाला हे सांगायची वेळ सरांवर आली. ती दारात मासळी निवडत बसली होती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की नवरा जिवंत असण्याबद्दल शाळेला काही दंड भरायचा असतो काय. सर मान खाली घालून परत आले.

मग मुख्याध्यापकांनी स्वतःच तोडगा काढला. बाप मिळत नसतील तर बाप असलेली मुलं घ्यावीत. शाळेच्या वरच्या वर्गांत ज्यांचे वडील गावात होते अशी मुलं शोधली. त्यांना 'पितृउपलब्ध विद्यार्थी' असं नाव देऊन यादी फळ्यावर लागली. मुख्याध्यापकांचा स्वतःचा मुलगा, भागोजीचे दोघे, पोस्टमास्तरांचा एक, आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचे तिघे. सात झाले. चार कमी पडले, तरी मुख्याध्यापक म्हणाले, घ्या सराव. सरांनी सातांना सड्यावर नेलं. पोस्टमास्तरांच्या मुलाने चेंडू हातात घेऊन तो कोणाला द्यायचा असं विचारलं. सेक्रेटरींच्या तिघांनी तो एकमेकांनाच दिला. मुख्याध्यापकांचा मुलगा पडला, त्याचे दोन्ही गुडघे फुटले, आणि दुसऱ्या दिवशी ती यादी फळ्यावरून पुसली गेली.

सामना आठ दिवसांवर आला. मुसा रोज शाळा सुटल्यावर येऊन विचारायचा, सर, सही झाली काय. झाली नाही असं सांगून सर चेंडूत हवा भरत बसायचे. अखेर भागोजीलाच दया आली. त्याने मुख्याध्यापकांसमोर विषय मांडला तो असा, की कार्यालयाने आजवर एकही बाप डोळ्यांनी पाहिलेला नाही, कार्यालय पाहतं ती सही. नियमाला हवं काय, तर एक बाप आणि त्याने मुख्याध्यापकांसमोर केलेली सही. शिवा हा बाप आहे, यात कोणाला शंका नाही.

"म्हणजे त्याने बाकीच्यांच्या नावाने सह्या करायच्या?" मुख्याध्यापक ताठ झाले. "खोटी सही माझ्यासमोर होणार नाही."

"छे छे," भागोजी म्हणाला. "त्याने स्वतःच्याच नावाने करायची. चौदाही कागदांवर."

मुख्याध्यापकांनी विचार केला. सही खरी, करणारा खरा, तो बाप असल्याचंही खरं. खोटं असं बोट ठेवून दाखवता येईना. दुसऱ्या दिवशी शिवाला खुर्चीत बसवून पोरांनी शाळेत आणला. तीन महिने ओटीवर पडून कंटाळलेला माणूस. शाळेत खुर्ची मिळाली, चहा मिळाला, तो खूश झाला. चौदा त्रिक बेचाळीस सह्या त्याने वळणदार अक्षरात केल्या, आणि प्रत्येक सहीखाली मुख्याध्यापकांनी 'माझ्या समक्ष' असा शेरा मारला. मुंबईतले, आखातातले आणि समुद्रातले तेरा बाप त्या घटकेला कामावर होते. आपली मुलं शिवाच्या नावावर गेली, याची त्यांना कल्पना नव्हती.

कार्यालयाची मंजुरी चौथ्या दिवशी आली. एवढी जलद मंजुरी शाळेच्या इतिहासात आली नव्हती. केरू, मुसा, अली आणि बाबल्या हे एका बापाचे कसे, किंवा चौदाही भाऊ पंधरा-सोळा वर्षांचेच कसे, असा प्रश्न कोणी विचारला नाही. सगळे रकाने भरलेले होते. फक्त एका चाणाक्ष हाताने संमतिपत्राची एक प्रत, माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी, आरोग्य केंद्राकडे धाडली.

त्या वर्षी आरोग्य केंद्राचं कुटुंब नियोजनाचं उद्दिष्ट पुरं व्हायचं होतं. नर्सबाई थेट शिवाच्या ओटीवर येऊन बसल्या. शिवाने शपथेवर सांगितलं की आपल्याला एकच पोर आहे. नर्सबाईंनी कागद पुढे केले. सही तुमचीच ना? शिवाला नाही म्हणता येईना. अक्षर त्याचं होतं आणि खाली मुख्याध्यापकांची साक्ष होती. त्याची बायको राही आतून हे सगळं ऐकत होती.

"चौदा पोरा?" ती बाहेर येऊन म्हणाली. "बाई, हा वर्साचं धा दिवस घरी येतो. येवढा काम त्यानं कवा केलान?"

हे म्हणणं नोंदवून घ्यायला रकाना नव्हता. शिवाला मोडक्या पायासकट जीपमध्ये घालून नसबंदीच्या शिबिराला नेलं आणि संध्याकाळी बक्षिसाच्या प्लॅस्टिकच्या बादलीसह परत आणून सोडलं. चौदा अपत्यांवर थांबणारा गृहस्थ म्हणून त्याचं अभिनंदनही झालं. राहीने बादली गोठ्यात ठेवली आणि दोन दिवस नवऱ्याशी बोलली नाही.

सामना मात्र झाला, आणि कसा झाला. सावर्ड्याचं मैदान मऊ होतं. कातळावर वाढलेल्या पोरांना ते गादीसारखं लागलं. कातळखाडीने तीन विरुद्ध एक असा सामना जिंकला, तीनही गोल मुसाचे. बक्षीस समारंभात प्रमुख पाहुण्यांच्या हाती पित्यांच्या नावांसह संघाची यादी पडली आणि ते गहिवरले. राष्ट्रीय एकात्मतेवर आपण इतकी वर्षं भाषणं करत आलो, पण ती आज डोळ्यांनी पाहिली, असं ते म्हणाले. ज्या घरात केरू आणि मुसा एका बापाच्या छत्राखाली वाढतात त्या घरापुढे त्यांनी हात जोडले. टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापकांनी उभं राहून त्या स्वीकारल्या. भिकाजी सरांना खरं सांगावंसं वाटलं. पण निवडणाऱ्यांतले दोघे त्याच क्षणी मुसाशी बोलत होते, म्हणून सरही टाळ्या वाजवत राहिले.

मुसा जिल्ह्याच्या संघात निवडला गेला. आठ दिवसांत संघाच्या सराव शिबिराला हजर व्हायचं होतं. सोबत नवा कागद आला: पित्याची सही, मुख्याध्यापकांच्या समक्ष, आणि ती आधीच्या सहीशी जुळली पाहिजे.

सर धावत शिवाच्या घरी गेले. ओटी रिकामी होती. प्लास्टर निघाल्याबरोबर शिवाने पहिली एस्टी पकडून मुंबई गाठली होती. ह्या गावात आणखी चार दिवस राहिलो तर आणखी किती पोरं अंगावर पडतील सांगता येत नाही, असं तो म्हणत होता, हे राहीने सांगितलं. म्हणजे मुसाला आता दोन बाप झाले होते आणि दोघेही गावात नव्हते.

शेवटच्या दिवशी फातिमा शाळेत आली. मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दाराशी चपला काढून ती टेबलापुढे उभी राहिली. खुर्ची तिला कोणी दिली नाही. मुख्याध्यापक हळहळले, नियम दाखवला, बाप असता तर पाचच मिनिटांचं काम होतं असं म्हणाले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"कातळावर ह्याचे पाय फुटले का मीच बांदलेय, तीन वर्सा," ती म्हणाली. "माला लिवता येतंय, सर. बोटीवर कागद मीच लिवते. कुनाचा नाव लिवू तेवडा सांगा. ज्याचा चालेल त्याचा लिवते."

भागोजीने आधीचं संमतिपत्र फायलीतून काढून, शिवाची सही वर येईल असं टेबलावर ठेवलं. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला आणि तो धोतराच्या सोग्याने पुसू लागले. चष्म्याशिवाय त्यांना हातभरापलीकडचं दिसत नसे, हे शाळेत सर्वांना माहीत होतं. भिकाजी सरांना लाज वाटली. बाहेर मुसा भिंतीला टेकून उभा होता, तोही त्यांना दिसत होता.

"शिवाचं लिहा, फातिमाबी," सर म्हणाले.

तिने आधीची सही नीट पाहून घेतली आणि तशीच वळणदार सही तीन प्रतींवर केली. मुख्याध्यापकांनी चष्मा घातला, खाली 'माझ्या समक्ष' असं लिहिलं, शिक्का मारला. कागद मंजूर झाला. सही आधीच्या सहीशी तंतोतंत जुळत असल्याचा शेराही वरून आला. तिने स्वतःचं नाव लिहिलं असतं तर तो कागद बेकायदा ठरला असता आणि मुसा घरी बसला असता.

हे वाचणाऱ्या बापांना कातळखाडीच्या लोकांवर हसायचं असेल तर जरूर हसावं. त्यानंतर घरातल्या पोराचं प्रगतिपुस्तक काढावं. पालकाच्या रकान्यात सही आपलीच असेल, तीही वळणदार. आता त्याच्या वर्गशिक्षकांचं नाव काय, तो कोणत्या बाकावर बसतो आणि गेल्या महिन्यात त्याला ताप कधी आला होता, एवढं स्वयंपाकघराकडे न बघता सांगून पाहावं.