काकूंचा उणे एक तृतीयांश

कुणाचं भांडण जुंपलं की आमच्या शेजारच्या सुमतीकाकू आधी समोरच्याचा चढ काढत. चढ म्हणजे भूमितीतला, रेषा किती तिरपी आहे ते सांगणारा आकडा. काकूंनी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं आणि रिटायर झाल्यावर इंदूरच्या स्नेहलतागंजातल्या आमच्या बिल्डिंगला धरलं.

लंब रेषेचा चढ हवा असेल तर आकडा उलटा करायचा आणि चिन्ह बदलायचं. तीनला लंब उणे एक तृतीयांश. हा नियम त्यांनी संसारालाही लावला होता. त्यांचे यजमान दत्ताकाका भलतेच तापट. टॉवेल जागेवर नसला तरी आवाज खालच्या किराणा दुकानापर्यंत जायचा. काकू एक तृतीयांश आवाजात, रागाच्या उलट, म्हणजे गोडीत, उत्तर द्यायच्या.

"ह्यांचा चढ तीन आहे, भिया," त्या मला इंदुरी थाटात म्हणायच्या. "मीपण तीन घेतला तर दोघं समांतर. फिर मिलेंगे कब?"

पार्किंगवरून माझी बिल्डिंगमधल्या वर्माजींशी जुंपली तेव्हाही त्यांनी जिन्यातून मला आकडा सांगितला. मी तो इमानदारीत वापरला, ते ओरडत असताना हळू आवाजात गोड गोड बोललो. वर्माजी अजून मला चक्रम समजतात.

गेल्या हिवाळ्यात काकांना झटका आला. हातपाय वाचले, बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना बोलतं करा. पण काका नुसते छताकडे बघत पडून राहायचे. आता चढ किती, असं मी बावळटासारखं विचारलं.

"शून्य," काकू म्हणाल्या. "शून्य उलटा नाही होत. मग लंब रेषेनं सीधं उभं राहायचं, बस."

आणि जन्मभर राग शमवणाऱ्या या बाई काकांना चिडवायला लागल्या. चहा बिनसाखरेचा, पेपरची पानं उलटसुलट, मॅच रंगात आली की टीव्हीवर सिरियल. काका फक्त बघायचे. काकूंचा उतरलेला चेहरा मला बघवायचा नाही.

परवा सकाळी मी त्यांच्याकडे बसलो होतो. काकूंनी काकांपुढे पोहे ठेवले, वर शेव नाही, जीरावन मसाला नाही. इंदुरी माणसाचा याहून मोठा अपमान नाही. काकांनी प्लेट ढकलली. ओठ थरथरले आणि अडखळत, पण चांगल्या वरच्या पट्टीत शब्द आले, "शे... शेव कुठंय?"

काकूंनी शेव आणली नाही. दार सताड उघडलं आणि सगळं गणित विसरून त्या जिन्यात ओरडल्या, "सुना सबने? हे मला रागावले."

डोळे घळाघळा वाहत होते. माझेही. आत काका शेवेसाठी पुन्हा ओरडत होते आणि काकू त्यांना खुशाल ओरडू देत होत्या.