साडीच्या घडीतला चाकू

एकोडीच्या टिकारामजी गभण्यांना कसलंही व्यसन नव्हतं. खर्रा खात नव्हते, पत्ते कुटत नव्हते, गावातल्या कोणत्याही पार्टीचा झेंडा खांद्यावर घेत नव्हते. ते फक्त चाकू जमवत. कुंताबाई नवऱ्याची ओळख करून देताना आधीचं सगळं मोठ्यानं सांगत आणि शेवटचं वाक्य गिळून टाकत.

चाकू एकोणीस होते. पानठेल्यावरचा पान कातरायचा होता, ढिवराचा मासोळी साफ करायचा होता, रोपवाटिकेतल्या माळ्याकडून मागून आणलेला कलमाचा होता. एक नागपूरचा घडीचा होता, त्याला बाटली उघडायची सोय होती (टिकारामजी पीत नसल्यामुळे ती सोय अजून कोरी होती). राईस मिलमधली कारकुनी सहा दिवस सांभाळून सातव्या दिवशी ते लोखंडी ट्रंक उघडत, एकेक चाकू जवसाच्या तेलाच्या फडक्यानं पुसत आणि उन्हात सतरंजीवर ओळीनं मांडत. मग समोर बसून नुसते पाहत. त्यांतल्या एकानंही आजवर साधी मिरची कापली नव्हती.

"कापलं का चाकू झिजते," ते म्हणत.

"एकोणीस चाकू घरात, अना कांदा कापायले पावशी," असं म्हणून कुंताबाई आपली लाकडी पाटाची पावशी, म्हणजे विळी, पुढे ओढत आणि कचाकच कांदा कापत.

रीताच्या लग्नाचं बोलणं सुरू झालं तेव्हा कुंताबाईंनी नवऱ्याला समोर बसवलं आणि तांदळाच्या सुपावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली. पोरीचं लग्न होईपर्यंत विसावा चाकू घरात येणार नाही. टिकारामजींनी शपथ घेतली, आणि खऱ्या मनानं घेतली. चार महिने ते बाजारात लोहाराच्या दुकानापाशी आले की पलीकडच्या बाजूनं जात.

रीतासाठी सिहोऱ्याचं स्थळ आलं होतं. मुलगा कैलाश बांते, स्वतःचं कृषी केंद्र, शांत स्वभाव. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं आणि "अजून ठरलं कुठं" असं म्हणत रोज तासभर फोनवर बोलत होते. आता एकोडीकरांनी सिहोऱ्याला जाऊन घर पाहायचं आणि होणाऱ्या विहिणीला साडी द्यायची, एवढंच बाकी होतं. साडी कुंताबाईंनी आणून ठेवली होती. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी टिकारामजींना आंदणात द्यायचा पाण्याचा पितळी गुंड पाहायला भंडाऱ्याला धाडलं. चूक झाली ती तिथं.

पितळेच्या दुकानात पितळेचीच भांडी असतील असं कोणालाही वाटेल. पण गुंडांच्या मागे काचेच्या कपाटात एक चाकू ठेवला होता. त्याची मूठ पितळेची, मासोळीच्या आकाराची, खवले कोरलेले, आणि मासोळीच्या तोंडातून पातं बाहेर आलेलं. टिकारामजींनी नजर गुंडावर आणली. नजर परत गेली.

"हातात घेऊन पाहा ना भाऊ," दुकानदार भैय्यालाल म्हणाला. "पाहायले काय लागते."

पाहायला काही लागलं नाही. ठेवायला मात्र जे बळ लागतं ते टिकारामजींपाशी नव्हतं. संध्याकाळच्या एस्टीनं ते घरी आले तेव्हा गुंड कसा होता हे त्यांना आठवत नव्हतं आणि पिशवीत भाजीच्या खाली मासोळी होती.

आता ती लपवायची कुठं? तांदळाच्या कोठीत कुंताबाईंचा हात रोज जायचा. ट्रंक त्या महिन्यातून एकदा मोजायच्या. गादीखाली, माळ्यावर, पाटीमागे, सगळं त्यांचंच राज्य. तेवढ्यात टिकारामजींना अलमारीवर साडीचा पुठ्ठ्याचा डबा दिसला. चपटा, लांबट, जणू मापानं केलेला. साडीच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या घडीच्या मध्ये चाकू असा बसला की वरून कळेना. सकाळी उठल्याबरोबर काढून घेऊ, असं ठरवून ते समाधानानं जेवले.

सकाळी सहाला राईस मिलची मोटर अडकली म्हणून बोलावणं आलं. टिकारामजी घरी परतले तेव्हा दारात गाडी उभी होती, रीता तयार होती आणि डबा चमकीच्या कागदात बांधून, वर लाल फीत लावून कुंताबाईंच्या मांडीवर बसला होता.

"आन, मी धरतो," गाडीत बसल्याबसल्या टिकारामजी म्हणाले.

"कायले?"

"तुले जड होईन."

"साडी आहे. जातं नाई."

तुमसर येईपर्यंत त्यांनी तीनदा मागितला. चौथ्यांदा कुंताबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ खरंच गरम होतं. विहिणीला पहिल्या भेटीत चाकू देणं म्हणजे काय, हे टिकारामजींना कोणी शिकवायची गरज नव्हती. धारेची वस्तू दिली की नातं तुटतं, हे लहान पोरालाही ठाऊक असतं. मागच्या सीटवर रीता फोनवर हळूच म्हणत होती, "निघालो आमी. अर्ध्या घंट्यात पोचतो."

सिहोऱ्याला बांत्यांनी मोठा मान केला. कैलाशच्या आई गोदावरीबाईंनी डबा दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि न उघडता देवघरात नेऊन ठेवला. टिकारामजींचा जीव भांड्यात पडला. चहा झाला, पोहे झाले. मग ते उठले.

"जरा देवाले हात जोडून येतो."

"चला ना, मीबी येतो," म्हणून होणारे व्याही आनंदराव त्यांच्यामागे आले.

देवघरात डबा हाताच्या अंतरावर होता. टिकारामजींनी हात जोडले, डोळे मिटले आणि आनंदराव जाण्याची वाट पाहू लागले. पाहुण्यांचं होण्याआधी जाणं बरं दिसत नाही म्हणून आनंदरावांनीही डोळे मिटले. टिकारामजी एक डोळा उघडून पाहत, आनंदराव तिथंच. आनंदराव एक डोळा उघडून पाहत, टिकारामजी अजून देवात. पाव तास दोघं तसेच उभे होते. शेवटी आनंदरावांच्या गुडघ्यांनी हार मानली आणि ते पाहुण्यांचा हात धरून त्यांना बाहेर घेऊन आले.

"ईवाई लय भक्तिमान आहेत," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "असं घर भेटलं, आपलं नशीब."

कुंताबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एकोडीत हा माणूस देवाला उभ्या उभ्या, चपला पायात ठेवून नमस्कार करायचा.

परत आल्यावर दोन दिवस टिकारामजींना अन्न गोड लागलं नाही. फोन वाजला की ते मिलच्या तांदळाच्या पोत्यांमागे जात. तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, आनंदरावांचा फोन आला.

"ईवाई, त्या साडीत एक वस्तू निघाली."

"हो," टिकारामजी म्हणाले. सगळं कबूल करून माफी मागायची, असं त्यांनी ठरवलंच होतं. तोंड उघडलंही होतं.

"आमच्या इकडे असा रिवाज नाई," आनंदराव म्हणाले. "म्हाताऱ्यांना विचारलं, कोनालेच मालूम नाई. मंग बाई म्हणली, एकोडी-साकोलीकडचा असन. आपन विचारून घ्यावं, उगीच चूक होऊन जाते."

आता टिकारामजींसमोर दोन रस्ते होते. एक खरा होता आणि फार लांबचा होता.

"हो, आमच्या इकडे असते तसं," ते म्हणाले.

"याचा अर्थ काय होते?"

"अर्थ म्हंजे..." टिकारामजींनी पोत्यांकडे पाहिलं. "सासूनं अना सुनंनं मनातले रुसवे याच्यानं कापून टाकाचे. जे कापाचं ते पयलेच कापून टाकलं का मंग जलमभर कायी तुटत नाई."

पलीकडे कोणीतरी नाक ओढलं. मग आनंदराव म्हणाले, "आमच्या बाईच्या डोळ्यात पानी आलं, ईवाई. फोन स्पीकरवर आहे."

इथं थांबले असते तर टिकारामजी सुखरूप सुटले होते. पण आनंदरावांनी विचारलं, "मंग साक्षगंधात आमच्याकडून परत काय द्या लागन?"

काही नाही, हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर होते. त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांसमोर सिहोरा उभा राहिला. जुनी घरं, जुने लोहार, माळ्यामाळ्यांवर पडलेले आजे-पणजांचे चाकू.

"तसंच कायीतरी," ते म्हणाले. "नवा घ्याची गरज नाई. जुनाच चांगला." आणि श्वास घेऊन पुढे म्हणाले, "घरटी एक."

पुढच्या रविवारी साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, सिहोऱ्याहून अकरा घरची माणसं एकोडीला आली. मांडवात गोदावरीबाईंनी कुंताबाईंना कुंकू लावलं आणि ओटीत खणात गुंडाळलेलं काहीतरी ठेवलं. कुंताबाईंनी खण उलगडला. आत म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा, काळाभोर, जुना चाकू होता.

"तुमचा रिवाज आमाले लय आवडला, ईहिणबाई," गोदावरीबाई म्हणाल्या. "तुमी देलेला मासोळीचा मी देवाजवळच ठेवला."

कुंताबाईंनी चाकूकडे पाहिलंच नाही. त्या थेट मांडवाच्या खांबामागे उभ्या असलेल्या नवऱ्याकडे पाहत होत्या. मग एकामागून एक बाया येत गेल्या, कुंकू लावत गेल्या, आणि ओटी चाकूंनी भरत गेली. सिहोऱ्याच्या एका बाईनं शेजारच्या सत्तरीच्या सीताबाईंना विचारलं, "हा रिवाज जुना आहे का वं आजी?" आपल्या गावाचा रिवाज आपल्यालाच माहीत नाही, हे सीताबाई पाहुण्यांसमोर कशा सांगणार?

"जुना म्हंजे? माह्या साक्षगंधात त दोन आले होते," त्या म्हणाल्या.

बुंदी वाढायच्या निमित्तानं कुंताबाईंनी टिकारामजींना सांदीत गाठलं.

"कधीपासून आहे हा रिवाज?"

"मंगळवारपासून," टिकारामजी म्हणाले.

"अना घरटी एक?"

"मनलं, एकाच घरून घेतला त बाकीच्यांना वाईट वाटन."

कुंताबाईंनी पदर तोंडाला लावला. त्या रागावल्या होत्या की हसत होत्या, हे पदरामुळे कळलं नाही. पण मांडवात रीताच्या बोटात अंगठी होती, कैलाश तिच्याकडे पाहत होता, आणि सीताबाई तिसऱ्या चाकूची आठवण सांगत होत्या. आता खरं बोलून कोणाचंच भलं होणार नव्हतं.

पाहुणे निघताना गोदावरीबाईंनी विचारलं, "लग्नात आमाले पुन्हा आना लागन का?"

"नाई बाई," कुंताबाई शांतपणे म्हणाल्या. "लग्नात आमची पाळी. तुमच्या घरटी एक. अना पोरीच्या बापानं सोताच्या हातानं द्या लागते."

"जुनाच ना?" आनंदरावांनी विचारलं.

"जुनाच. तेल लावून ठेवलेला, कधी न वापरलेला असला त आनखीन चांगला."

सगळे टिकारामजींकडे वळले. रिवाजाचे जाणकार तेच. त्यांनी मान हलवली. हलवताना मानेतून आवाज आला.

एकोणिसांतून अकरा गेले तरी अकरा नवे आले, असा हिशेब मनाशी जुळवून त्यांनी संध्याकाळी त्या शिंगाच्या मुठीकडे हात नेला. पावशीवर दोडके कापत असलेल्या कुंताबाईंनी मान वर केली नाही.

"ते ईहिणीनं ईहिणीले देलेले आहेत. गडी मानूस हात लावत नाई त्याले."

"हे कोनी सांगतलं?"

"सीताबाईनं."

रिवाज मुळातच खोटा आहे हे ठामपणे सांगू शकेल असा माणूस साऱ्या जिल्ह्यात एकच होता, आणि त्याला ते सांगायची सोय नव्हती. टिकारामजींनी हात मागे घेतला.

वैशाखात लग्न झालं. अक्षता पडल्या, जेवणं झाली आणि टिकारामजी ट्रंक घेऊन मांडवात बसले. पानठेल्याचा गेला तेव्हा त्यांचा आवाज बसला. कलमाचा गेला तेव्हा डोळे भरले. नागपूरचा घडीचा हातातून सुटेना, तो आनंदरावांच्या चुलत भावाला थोडा ओढून घ्यावा लागला. त्यानंतर टिकारामजी उघड उघड रडू लागले. वऱ्हाडातल्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. "बापाचं काळीज," त्या एकमेकींना म्हणाल्या. "पोरगी अजून मांडवातच आहे, अना पाहा."

त्यामुळे बिदाईच्या वेळेला त्यांच्याकडे पाणी उरलं नव्हतं. कुंताबाई रडत होत्या, सीताबाई रडत होत्या, मिलचा मालकसुद्धा नाक पुसत होता. टिकारामजी कोरड्या चेहऱ्यानं गाडीजवळ उभे होते. रीतानं गळ्यात पडून त्यांच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, मघाशी इतके रडले. आता थोडं तरी रडा. तो व्हिडिओवाला विक्की शूटिंग करून राहिला."

टिकारामजींनी डोळे मिटून प्रयत्न केला. काही होईना. रीता गाडीत जाऊन बसली. डोळे उघडले तर समोर वऱ्हाडाची बस उभी होती आणि बसच्या पायरीवर बसून आनंदरावांचा तो चुलत भाऊ, नागपूरच्या घडीच्या चाकूनं, पोरांसाठी टरबूज कापत होता. पात्याला बिया चिकटल्या म्हणून त्यानं ते बसच्या टायरवर ठोकलं.

टिकारामजींनी असा हंबरडा फोडला की गाडीत बसलेली रीता परत खाली उतरली. विक्कीनं कॅमेरा जवळ आणला. कैलाशनं सासऱ्यांच्या पाठीवर हात फिरवत वचन दिलं की तो रीताला फुलासारखं जपेल, आणि आनंदराव स्वतः रडत रडत म्हणाले की पुढच्याच महिन्यात तिला माहेरी धाडतो, ईवाई, एवढं मनाला लावून घेऊ नका.

साऱ्या मांडवात फक्त कुंताबाईंनी नवऱ्याच्या नजरेमागे नजर नेली. टरबूज पाहिलं, टायर पाहिला, आणि डोळे पुसून त्या आनंदरावांना म्हणाल्या, "रडू द्या त्यायले. त्यायचा चाकू आज पयल्यांदाच कापून राहिला ना."